खुर्च्यांचे गाव आणि नाकातली धूळ

लंडनमध्ये मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहण्याचा योग आता अनेक मराठी घरांत येतो. राजवाडा, मनोरा, संग्रहालये हे सारे पंधरा दिवसांत पाहून होते आणि मग दुपारी काय करावे हा प्रश्न उरतो. अशा एखाद्या कोरड्या दिवशी मॅरिलबोन स्थानकावरून वायव्येकडे जाणारी गाडी पकडा. अर्ध्यापाऊण तासात ती तुम्हांला हाय विकम या गावात आणून सोडील. प्रवासी मार्गदर्शकांत या गावाला फारशी जागा नसते. त्याचे सौंदर्य डोळ्यांत भरणारे नाही, आणि ज्या कारणासाठी मी तुम्हांला तिकडे धाडतो आहे, ते तर डोळ्यांना दिसणारेच नाही.

गाव दरीत वसले आहे. दोन्ही बाजूंना चिल्टर्न टेकड्या, खाली वाय नावाची छोटीशी नदी, आणि उतारांवर विटांच्या घरांच्या रांगा. स्थानकातून बाहेर पडून थोडे चढले, की एका जुन्या घरात गावचे संग्रहालय लागते. त्याच्या बागेत नॉर्मन काळातल्या गढीचा मातीचा उंचवटा अजून टिकून आहे. संग्रहालयात राजांच्या तलवारी नाहीत. खुर्च्या आहेत. दांड्यांच्या पाठीच्या, बाकदार हातांच्या, झुलत्या, लहान मुलांच्या, चर्चमधल्या. ‘विंडसर चेअर’ या नावाने जगभर गेलेली खुर्ची मुख्यत्वे या दरीत घडत असे. १८७५ च्या सुमारास येथे दिवसाला ४,७०० खुर्च्या तयार होत, असा अंदाज सांगितला जातो. पुढे १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी आपले पंतप्रधान डिझरायली यांना भेटायला गावाजवळच्या ह्यूएन्डन येथील त्यांच्या घरी आली, तेव्हा गावकऱ्यांनी मुख्य रस्त्यावर चक्क खुर्च्यांची कमान उभारली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली होती. तो घाट घालणारेही हेच डिझरायली. गावच्या फुटबॉल संघाला आजही ‘चेअरबॉईज’, म्हणजे खुर्चीवाली पोरे, असे म्हणतात.

आरोग्याचे पाक्षिक वाचणाऱ्यांना आवडेल अशी एक प्रथा जाता जाता सांगतो. या गावात दरवर्षी महापौरांना सर्वांसमोर तराजूत बसवून त्यांचे वजन करतात. मागच्या वर्षापेक्षा वजन वाढले असेल, तर लोकांच्या पैशावर महाशय लठ्ठ झाले असे समजून जमाव हुर्यो करतो. सतराव्या शतकापासून चालत आलेली ही चाल आपल्या नगरपालिकांनी उचलायला काही हरकत नाही.

आता गावाबाहेर या. टेकड्यांवर बीच नावाच्या वृक्षांची वने आहेत. समुद्रकिनाऱ्याशी या नावाचा संबंध नाही. करड्या गुळगुळीत सालीचा, सरळसोट वाढणारा हा वृक्ष. याच वनांत खुर्च्यांचे पाय आणि दांडे कातणारे कारागीर काम करीत. त्यांना ‘बॉजर’ म्हणत. झाड पाडायचे, तिथेच त्याचे तुकडे करायचे, फोडायचे, आणि जवळच उभारलेल्या झोपडीवजा आडोशात पायाने चालवायच्या लेथवर ते कातायचे. या लेथचे यंत्र म्हणजे एक लवचीक फांदी, एक दोरी आणि एक पायटा. पाय दाबला की लाकूड फिरे, सोडला की फांदी त्याला उलट फिरवी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे थोडे कारागीर या वनांत उरले होते.

या बॉजर मंडळींच्या कामातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांचे लाकूड ओले होते. त्यांची हत्यारे हाताची किंवा पायाची होती, म्हणून लाकडाच्या लांब, ओलसर, कुरळ्या साली निघत. त्या पायाशी पडत आणि हवेत तरंगत नसत. आणि तिसरी गोष्ट, त्यांच्या कामाच्या जागेला भिंती जवळजवळ नव्हत्या. जी काही धूळ उडे, ती वाऱ्याबरोबर वनात जाई.

गावातल्या कारखान्यांत या तिन्ही गोष्टी उलट झाल्या. लाकूड वाळवलेले. आधी वाफेवर आणि मग विजेवर चालणाऱ्या गोल करवती, पट्टा-करवती आणि घासण्याची यंत्रे. आणि इंग्लंडच्या थंडीमुळे बंद ठेवलेली दारे-खिडक्या. हातकरवतीचा भुसा रवाळ असतो, मुठीत धरला तर बोटांतून सुटा होऊन गळतो. वेगाने फिरणाऱ्या पात्याचा भुसा तसा नसतो. त्यात रव्याबरोबर पिठीही असते, आणि घासणयंत्रातून तर पिठीच बाहेर पडते. उन्हाच्या तिरिपेत ती दिसते तेवढीच. एरवी सारी हवा स्वच्छच भासते. या दरीने खुर्च्याच नव्हे तर विमानेही घडवली. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ या लाकडी विमानाचे भाग येथल्या फर्निचर कारखान्यांत बनले. जितकी मागणी मोठी, तितका वेग मोठा, तितकी पिठी बारीक.

त्या पिठीचा हिशेब लागला तो १९६० च्या दशकात. एस्मी हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद हाय विकमच्या भागात रुग्ण पाहत असत. नाकाच्या वरच्या भागात, डोळ्यांच्या मधल्या हाडांतील पोकळ्यांजवळ, एका विशिष्ट प्रकारचा कर्करोग होतो. तो इतका दुर्मीळ आहे, की सर्वसाधारण डॉक्टरला उभ्या आयुष्यात एखादाच रुग्ण दिसावा. येथे मात्र ते पुन्हापुन्हा येत होते. आणि ते पुन्हापुन्हा लाकूडकाम करणारेच निघत. ऑक्सफर्डचे शल्यविशारद रोनाल्ड मॅकबेथ यांच्याही नजरेस हेच आले होते. पुढे डोनाल्ड अ‍ॅचिसन या साथरोगतज्ज्ञाने त्यांच्यासोबत जुने कागद चाळले, रुग्णांचे व्यवसाय तपासले आणि १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. फर्निचर कामगारांत हा रोग सर्वसाधारण लोकांपेक्षा शेकडो पटींनी अधिक होता.

संशय आधी सरसावर, वार्निशावर, पॉलिशवर जाणे साहजिक होते. वास त्यांनाच येतो. परंतु रुग्ण होते ते यंत्रांवर लाकूड कापणारे, कपाटे आणि खुर्च्या जोडणारे, म्हणजे धुळीतले. वार्निशापेक्षा बोट साध्या, नैसर्गिक, ‘केमिकल नसलेल्या’ लाकडाच्या भुशाकडे वळले. नंतर नॉर्दॅम्प्टनशरमधल्या बूट बनवणाऱ्या कामगारांत चामड्याच्या धुळीनेही तसेच घडल्याचे आढळले. ब्रिटनने १९६९ मध्ये सुतारांच्या या रोगाला व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली.

येथे घाबरून जाऊ नका, प्रमाण ध्यानात घ्या. हा कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांतही विरळाच आहे, आणि तो कामाला लागल्यापासून तीन-चार दशकांनी उगवतो. रोज दिसणारा त्रास वेगळा असतो: वाहणारे किंवा चोंदलेले नाक, डोळ्यांची चुरचुर, हातांवर पुरळ आणि दमा. ब्रिटनमधल्या सुतारांना इतर कामगारांच्या चौपट दमा होतो, असे तिथली सरकारी आरोग्य-सुरक्षा यंत्रणा सांगते. धुळीचे मोठे कण नाकातच अडतात, बारीक कण फुप्फुसात उतरतात. नाक आपली चाळणी इमानाने चालवते, म्हणून कर्करोगाचा वार त्याच्यावरच पडतो. कठीण लाकडाच्या धुळीने नाकातल्या चिकट पटलाची स्वच्छतेची गतीही मंदावते, असे लाकूडकाम करणाऱ्यांच्या तपासण्यांत आढळले आहे.

‘कठीण लाकूड’ या शब्दाने मात्र फसू नका. येथे तो हाताला लागणाऱ्या कठीणपणाचा शब्द नाही. रुंद पानांच्या झाडांचे ते कठीण लाकूड, आणि देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते मऊ लाकूड, अशी ही विभागणी आहे. विकमचा बीच कठीण. त्याच न्यायाने आपला सागवान, शिसम, आंबा, फणस, बाभूळ हे सारे कठीणच. सागाची आणि शिसमाची धूळ कातडीलाही झोंबते, हे कोणताही जुना सुतार सांगेल. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम आहे, तीही आठ तासांच्या सरासरीने. मोहरीचा एक दाणा साधारण २ ते ३ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे टेबलाएवढ्या लांबी-रुंदी-उंचीच्या हवेच्या ठोकळ्यात दळलेली एक मोहरी.

या गावाचा आणि तुमच्या घराचा संबंध इथे लागतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हौसेचे सुतारकाम वाढले आहे. निवृत्त बँक अधिकारी, संगणक अभियंते, सुट्टीतली मुले, कितीतरी मंडळी बंद गच्चीत, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा रिकाम्या झालेल्या मुलाच्या खोलीत गोल करवत घेऊन बसतात. छंद उत्तम आहे. मन शांत करणारा, हाताला अक्कल देणारा. पण बॉजरचे वन सोडून आपण थेट कारखान्यात शिरलो आहोत, आणि तो कारखाना स्वयंपाकघराला लागून आहे. आजी दुपारी जिथे झोपते, तिथे रात्रीपर्यंत ती पिठी खाली बसत असते.

म्हणून करवतीबरोबर धूळ ओढणारे यंत्र हवे. ते निवडताना बहुतेक जण दुकानात जाऊन वॅट विचारतात आणि मोठा आकडा घेऊन येतात. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते, धूळ किती खाते ते नव्हे.

मुळात या यंत्रांच्या दोन जाती आहेत. शहाळ्यातली नळी आठवा: ओढ जबरदस्त, पण येणारे पाणी थोडे. आता स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा आठवा: ओढ हाताला जेमतेम जाणवते, पण हवा भरपूर निघून जाते. पहिल्या जातीचे यंत्र म्हणजे कारखानी व्हॅक्यूम. त्याची नळी साधारण २७ ते ३८ मिलिमीटर व्यासाची असते. हातात धरायची गोल करवत, जिगसॉ, हातातले घासणयंत्र यांच्या पाठीमागे जे छोटे तोंड असते, त्याला ते जोडावे. दुसऱ्या जातीचे यंत्र पिशवी लटकवलेले, १०० मिलिमीटरच्या जाड नळीचे. टेबलावर बसवलेली करवत, पट्टा-करवत आणि रंधायंत्र यांना ते लागते, कारण त्यांचा भुसा मोकळ्या जागेत उधळतो आणि तो गोळा करायला हवेचा मोठा लोंढाच हवा.

जात चुकली तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. नळीतून धूळ न बसता वाहायची असेल, तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा. ३५ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्या वेगासाठी तासाला ७० घनमीटर हवा पुरते. १०० मिलिमीटरच्या नळीत त्याच वेगासाठी साडेपाचशेहून अधिक घनमीटर लागते, म्हणजे आठपट. छोटे व्हॅक्यूम टेबल-करवतीच्या मोठ्या तोंडाला लावले, तर वेग एक-अष्टमांशावर येतो आणि भुसा करवतीच्या पोटातच साचतो. उलट पिशवीच्या यंत्राला बारीक नळी लावली, तर त्याची नाजूक ओढ नळीतच दमून जाते. घरातल्या सफाईचा व्हॅक्यूम क्लीनर या दोन्हींत बसत नाही. त्याची गाळणी थोड्याच वेळात चोंदते आणि मोटर तापते.

तुमच्याकडे हातातली करवत आणि घासणयंत्र एवढेच असेल, आणि फ्लॅटमधल्या बहुतेकांचे तेवढेच असते, तर पहिल्या जातीचे एक चांगले यंत्र घ्या आणि दुसऱ्याच्या मोहात पडू नका. टेबल-करवत घेणार असाल तर दोन्ही लागतील. जाहिरातीतले हवेचे आकडे बहुधा नळी व गाळणी न लावता मोजलेले असतात. लांब, वळणावळणाची नळी आणि अर्धी भरलेली पिशवी लावल्यावर ते बरेच खाली येतात. म्हणून नळी आखूड ठेवा, वळणे मोठी ठेवा, आणि आकड्यात मोकळी जागा राखा.

यानंतरचा मुद्दा गाळणीचा, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा. पिशवीच्या स्वस्त यंत्राची कापडी पिशवी ढलप्या अडवते. ३० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडले तरी पुष्कळ. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात उतरणारी धूळ १० मायक्रॉनच्या आतली. म्हणजे असे यंत्र जमिनीवरचा भुसा गिळते आणि सर्वांत वाईट भाग पिशवीच्या विणीतून खोलीभर फवारते. जमीन चकाचक, हवा पूर्वीपेक्षा वाईट. अशा यंत्राला कापडी पिशवीऐवजी चुण्यांची काडतुसासारखी गाळणी बसवता येते. ती १ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणारी असावी. व्हॅक्यूमच्या जातीत युरोपमध्ये एल, एम आणि एच अशा श्रेणी आहेत. एल श्रेणीतून धुळीचा शंभरावा भाग निसटू शकतो, एम मधून हजारावा, एच मधून वीस हजारावा. लाकडाच्या धुळीसाठी ब्रिटनमध्ये एम श्रेणी मागतात. तिचा आणखी एक गुण असा, की नळीतला वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला तर यंत्र शिट्टी किंवा दिवा देऊन सांगते. आपल्या बाजारात ही अक्षरे प्रत्येक यंत्रावर सापडत नाहीत. तिथे हेपा गाळणी आहे का हे विचारा, आणि गाळणीच्या कडेला रबरी सील नीट बसते का ते स्वतः झाकण उघडून पाहा. गाळणी कितीही उंची असो, तिच्या कडेने फट राहिली तर हवा सोपी वाट धरते.

गाळणीचे आयुष्य वाढवण्याची युक्ती विकमच्या कारखान्यांपासून आजच्या घरगुती कारागिरांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे: मध्ये एक भोवऱ्याचे पिंप ठेवणे. करवतीकडून आलेली हवा पिंपात गोल फिरते, जड भुसा कडेला आपटून तळाशी पडतो, आणि गाळणीपर्यंत फक्त पिठी पोचते. झाकणासकटचे बंद पिंप बाजारात मिळते. तळाशी चाके असावीत, कारण भरलेले पिंप वाटते त्याहून जड असते.

इतके केले तरी धूळ उगमापाशी पकडली नाही, तर सारे व्यर्थ. टेबल-करवतीचे पाते काही धूळ खाली आणि काही वर, थेट तुमच्या तोंडाकडे फेकते. त्यामुळे खालच्या बंदिस्त पेटीला एक नळी आणि पात्यावरच्या संरक्षक टोपीला दुसरी, अशा दोन हव्यात. टोपी अडचणीची म्हणून काढून ठेवण्याची वाईट सवय अनेकांना असते. बोटांसाठी ती हवीच, नाकासाठीही हवी. हातातल्या करवतीने फळी कापताना खाली जाड थर्मोकोलचा तक्ता ठेवला, तर पाते हवेत न फिरता तक्त्यात फिरते आणि खाली उडणारी धूळ बरीच कमी होते. आणि कापताना छताचा पंखा बंद ठेवा. उकडते हे खरे. पण पंखा धूळ हटवत नाही, सारखी वाटून देतो. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावलात तर तो मदतीला येईल.

हवा शुद्ध करणारी पेटी छताला टांगणे हाही प्रकार आता दिसतो. निसटलेली पिठी ती हळूहळू गोळा करते, काम संपल्यावर तासभर चालू ठेवण्यास चांगली. पण तिच्यापर्यंत पोचण्याआधी धूळ तुमच्या नाकावरून गेलेली असते, म्हणून मूळ यंत्राच्या जागी तिला धरू नये. मुखपट्टीचेही तसेच. घासकामात आणि एमडीएफ कापताना एन-९५ किंवा त्याहून चांगली, चेहऱ्याला घट्ट बसणारी पट्टी लावा. कापडी रुमाल निरुपयोगी. एमडीएफ ही फळी मुळात लाकडाच्या तंतूंची आणि फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकाची बनलेली असल्याने तिची धूळ विशेष बारीक असते.

विजेकडे दुर्लक्ष नको. १,४०० वॅटची करवत आणि १,२०० वॅटचे यंत्र मिळून २,६०० वॅट होतात. घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट १,४०० वॅटच्या आतच थकतो. गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट लागेल, आणि बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. काही यंत्रांवर करवत जोडण्याचा सॉकेट असतो: करवत सुरू झाली की यंत्र आपोआप सुरू होते, आणि करवत थांबल्यावरही काही सेकंद चालून नळी रिकामी करते. थोडे जास्त पैसे द्यायचे असतील तर या सोयीला द्या. ज्याला हाताने चालू करावे लागते, ते यंत्र ‘एवढा एकच काप’ म्हणत बंदच राहते. आवाज दोन्ही यंत्रांचा मिळून मोठा होतो, म्हणून कानावर टोप्या हव्यातच.

पिशवी रिकामी करणे हा सगळ्यांत धुळीचा क्षण. तो घराबाहेर, मुखपट्टी लावून, वाऱ्याकडे पाठ करून उरकावा. शक्य तर तोंड बंद होणारी टाकाऊ पिशवी वापरून ती न उघडताच टाकावी. कपडे झटकू नयेत, झाडू मारू नये, यंत्रानेच ओढून घ्यावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे. जुन्या लाकडात खिळा राहून गेला असेल, तर पाते त्यावर आपटून ठिणगी उडते आणि यंत्र तिला सरळ भुशात नेऊन ठेवते. ती तासन्‌तास धुमसू शकते. खिळे आधी चुंबकाने शोधा आणि पिशवी रात्रभर भरलेली ठेवू नका.

तुम्ही स्वतः करवतीला हात लावत नसाल, तरी घरात फर्निचरचे काम निघाले की हेच प्रकरण दारात येते. प्लायवुड आणि एमडीएफ बैठकीच्या खोलीत कापले जातात, आणि माणसे त्याच घरात जेवतात. ठेका देतानाच मिस्त्रींशी बोलून घ्या: कापकाम शक्य तितके खाली मोकळ्या जागेत किंवा त्यांच्या कारखान्यात, वर फक्त जोडणी, वर कापायचेच झाले तर एकाच खोलीत, दार ओल्या चादरीने झाकून, यंत्र लावून. यंत्र त्यांच्याकडे नसेल तर त्या महिन्यापुरते तुम्ही आणून द्या. दमेकरी किंवा तान्हे मूल घरात असेल, तर ते दिवस नातेवाइकांकडे काढणे बरे.

आणि हॅडफिल्डबाईंच्या गावातून आलेली एक गोष्ट मिस्त्रींनाही सांगा आणि तुम्हीही ध्यानात ठेवा. नाकाची एकच बाजू आठवडेच्या आठवडे चोंदलेली राहत असेल, तिच्यातून वारंवार रक्त येत असेल किंवा वास येईनासा झाला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. आणि लाकूडकाम किती वर्षे, कोणत्या लाकडात, बंद जागेत की उघड्यावर केले, हे त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.